मिनरल की सिंथेटिक? मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्यासाठी

इंजिन ऑइल दोन प्रकारचं मिळतं: कच्च्या तेलातून गाळून काढलेलं मिनरल आणि रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं सिंथेटिक. दोन्ही मी एकाच पेट्रोल गाडीत वापरली आहेत. सिंथेटिकचा डबा दुपटीच्या आसपास जातो, म्हणून बहुतेकांचा निर्णय दुकानाच्या काउंटरवरच होतो. माझ्या मते आधी आपल्या गाडीतलं ऑइल कशानं खराब होतं ते बघावं.

लांब पल्ल्याच्या गाडीत ते उष्णतेनं होतं. तापलेल्या ऑइलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की आम्ल तयार होतं, ऑइल घट्ट होत जातं आणि शेवटी गाळ धरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशोब आहे. आता मे महिना, बाहेर ४२ अंश, एसी चालू आणि मांजरसुंब्याच्या घाटात पुढे भरलेला ट्रक, हे डोळ्यांसमोर आणा. मिनरलमध्ये लहान-मोठे सगळेच रेणू असतात; त्यातले हलके उडून जातात आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी उतरते. सिंथेटिकचे रेणू बरेचसे एकसारखे, म्हणून ते तग धरतं. मिनरल असताना उन्हाळ्यात मला वरून थोडं ऑइल टाकावं लागायचं, आता सहसा लागत नाही. गाडीगणिक फरक पडत असेल.

गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं दुखणं वेगळं. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ खाली ऑइलमध्ये उतरते आणि तिथंच राहते. हिवाळ्यात ऑइल कॅपखाली दुधाळ थर दिसतो तो याचाच. इथं सिंथेटिकही फार काही करू शकत नाही. आम्ल मारणारी रसायनं दोन्हीतली संपतातच. (नुसतं काळं झालं म्हणून बदलू नका. घाण धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे.)

धुळीचं म्हणाल तर तो एअर फिल्टरचा प्रश्न. सोयाबीनच्या राशी चालू असताना तो काढून बघावा, ऑइल कोणतंही असो.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानंच झाला नाही. मिनरलला ५,००० किलोमीटरला बदली. मी राहतो अंबाजोगाईत, भरवशाचा मेकॅनिक लातूरला, आणि संभाजीनगरच्या खेपा सुरू असल्या की ५,००० बघता बघता होतात. मग लातूर गाठा, नंबर लावा, लग्नसराई असेल तर चहावर चहा पीत दुपार करा. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खा दिवस. सिंथेटिकवर तेच १०,००० किंवा वर्ष, जे आधी येईल ते. डब्याचे वाढीव पैसे मला तिथंच वसूल वाटले. थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावरची टॅपेटची (इंजिनातले व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची) टकटकही कमी झाल्यासारखी वाटते, पण तो कानाचा भासही असेल.

तरी गाडी जुनी असेल, महिन्यातून दोनदा बाहेर निघत असेल आणि गॅरेज गल्लीतच असेल, तर मिनरल घ्यायला हरकत नाही. फक्त किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षाच्या आत बदला. ग्रेड, म्हणजे ऑइलच्या घट्टपणाचा आकडा, मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. आणि महागाचं घेणार असाल तर बनावट माल टाळायला डब्याचं सील आपल्यासमोर फोडायला सांगा, रिकामा डबाही सोबत घेऊन या.