नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) घेतलेली अपूर्णांकांची लाकडी संख्यारेषा : ३५० रुपयांत ठीक, पण शून्य सांभाळा

पोट्टी पाचवीत आहे, अपूर्णांक आले आणि घरात रोज रडारड. पाव, अर्धा असं भाकरीचे तुकडे दाखवून समजवायचं तर तिला बरोब्बर समजायचं, पण संख्यारेषा काढली की गोंधळ. शून्य आणि एकच्या मधात तीन रेघा असल्या की ती तीन भाग धरायची, मग दुसऱ्या रेघेवर दोन तृतीयांश लिहून मोकळी. अगं रेघा नको मोजू, मधली जागा मोज, असं सांगून सांगून माझा घसा बसला.

शेवटी बर्डीवर एका दुकानात ही पट्टी दिसली. ४२० सांगत होते, घासाघीस करून ३५० ला दिली. डब्यावर कंपनीचं नाव वगैरे काही नाही. साठ सेंटिमीटरची खाच, ० ते २, म्हणजे एक पूर्ण ३० सेंटिमीटरचा. सोबत रंगीत तुकडे, अर्ध्याचे १५ चे, तृतीयांशाचे १०, पावाचे साडेसात, अष्टमांशाचे पावणेचार, असे बाराव्या भागापर्यंत. एकावर एक रांगा लावल्या की दोन चतुर्थांश, तीन षष्ठांश आणि चार अष्टमांश एकाच जागी येऊन थांबतात, सममूल्य म्हणजे काय ते वेगळं सांगावंच लागत नाही. आठ मोठा म्हणून एक अष्टमांश पावापेक्षा मोठा, हे भूत पण दहा मिनिटांत उतरलं.

मला सगळ्यात आवडलं ते पट्टी एकवर संपत नाही हे. भाकरीत पाच चतुर्थांश दाखवायचे कसे? इथे पावाचा पाचवा तुकडा ठेवला की सरळ एकच्या पुढे जातो. सासरे बाजूलाच बसले होते, म्हणाले, "अगं बाई, हा तर सव्वा!" आणि मग पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे सगळे म्हणून दाखवले. औट म्हणजे साडेतीन हे मलाच आत्ता कळलं. पोट्टी म्हणे, "आबा, मग पावणेदोन म्हणजे सात चतुर्थांश ना?" मी गपच बसली.

आता तक्रार. शून्याची खूण लाकडाच्या कडेवर नाहीच, कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत छापलीय. पोरं तुकडा कडेला टेकवूनच ठेवणार ना, मग अर्ध्याचा तुकडा अर्ध्याच्या खुणेआधीच संपतो आणि पुढचं सगळंच तेवढं मागे. दोन दिवस मी पोट्टीलाच ओरडून राहिली होती. ज्यांच्या गावात झीरो माइलचा दगड आहे त्यांना शून्य कुठे धरायचा हे सांगावं लागते, काय बोलावं! मी शून्यावर आइस्क्रीमची काडी फेव्हिकॉलने चिकटवली, आता तुकडा तिथे अडतो. दुकानात बदलून मागितली तर "सगळ्या अशाच येतात मॅडम". तेवढ्यासाठी दीड स्टार कापला, पाचपैकी साडेतीन. औट म्हणा.

हो, आणि सातव्या भागाचे तुकडेच नाहीत. ३० ला ७ ने भागलं तर दशांश संपतच नाहीत म्हणून टाळले असतील. आम्ही पुठ्ठ्याचे ४.२ सेंटिमीटरचे सात कापले, ओळीने लावले तर एकच्या आधी सहा मिलिमीटर जागा रिकामी. ती कुठे गेली म्हणून पोट्टी कालपासून विचारून राहिली आहे.