आधी काय बघावं: ‘ब्रेकिंग बॅड’ की ‘ओझार्क’?

दोन्ही अमेरिकी मालिकांत पांढरपेशा बाप, गुन्ह्याचा पैसा आणि ‘हे सगळं घरच्यांसाठीच’ ही सबब. फरक आहे तो घरच्यांना किती ठाऊक आहे यात.

‘ब्रेकिंग बॅड’चा (२००८–१३) वॉल्टर व्हाइट हा आल्बुकर्कमधला रसायनशास्त्राचा शिक्षक. आधी तो बायकोपासून कॅन्सर लपवतो, मग ड्रग्जचा धंदा. पन्नासाव्या वाढदिवसाला स्कायलर ताटलीत शाकाहारी बेकनचे ‘५०’ मांडून देते. तिला बिचारीला कसलाच पत्ता नाही. त्यातून साडू अमली पदार्थविरोधी खात्यात! एकत्र जेवायला बसले की आपल्यालाच घास गिळवत नाही.

‘ओझार्क’मध्ये (२०१७–२२) लपवाछपवी लवकर संपते. शिकागोचा आर्थिक सल्लागार मार्टी बर्ड कार्टेलचा (ड्रग्जच्या टोळीचा) काळा पैसा पांढरा करायला मिसुरीत तळ्याकाठी बिऱ्हाड हलवतो. पोरांना कळतंच, धाकटा जोना तर तोच उद्योग शिकून घेतो. वेंडी पुढे नवऱ्यालाही मागे टाकते.

बांधणीत ‘ब्रेकिंग बॅड’ उजवी. ‘ओझार्क’ अधूनमधून रेंगाळते, आणि दृश्यांतला तो निळसर अंधार डोळ्यांना शिणवतो. पण अख्खं घर मिळून बिघडताना बघायचं असेल, तर आधी बर्ड मंडळींकडे जा.