गिटारसाठी चेलोचा गज : कितपत उपयोगी?

गिटारवर गज चालवून पाहायचा असेल, तर हलका म्हणून व्हायोलिनचा गज घेण्याकडे अनेकांचा कल असतो. माझ्या मते मात्र चेलोचाच गज घ्यावा. व्हायोलिनचा गज साधारण ६० ग्रॅमचा, तर चेलोचा ८० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याच्या केसांचा पट्टाही रुंद असतो, त्यामुळे गिटारची जाड, गुंडाळीची तार हातावर फारसा जोर न देता पकडीत येते. माझ्याकडचा गज फायबरग्लासच्या काडीचा आणि घोड्याच्या केसांचा असून इलेक्ट्रिक गिटारवर त्याने चोख काम केले आहे. नवा गज तसाच तारेवर फिरवला तर जवळजवळ मुका राहतो. केसांवर रोझिन (राळ) नीट घासले, की केस तारेला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. अखंड स्वर निघतो तो या धरसोडीतूनच.

खरी अडचण गजात नसून गिटारच्या घडणीत आहे. व्हायोलिन आणि चेलोच्या ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीला, चांगलाच बाक असल्याने प्रत्येक तार सुटी वाजवता येते, पण गिटारच्या तारा जवळपास एका पातळीत असतात, म्हणून पहिली आणि सहावी सोडल्यास कोणतीही तार गजाला एकटी सापडत नाही. १८२३ च्या सुमारास व्हिएन्नात तयार झालेल्या, गिटारसारख्या सहा तारांच्या ‘आर्पेजिओने’ नावाच्या गजाच्या वाद्याला मुद्दाम बाकदार ब्रिज दिलेला होता, तो याचसाठी. आपल्या गिटारवर यातून वाट काढायची, तर ओपन ट्यूनिंग (मोकळ्या तारांतूनच एक कॉर्ड निघेल अशी जुळणी) लावून अनेक तारा एकदम घासाव्यात आणि नको असलेल्या तारा डाव्या हाताच्या बोटांच्या हलक्या स्पर्शाने गप्प ठेवाव्यात. लेड झेपेलिनचा जिमी पेज किंवा सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचा योन्सी या गिटारवर गज चालवणाऱ्यांचे वादन ऐकून गज घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या भरदार नादात रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) या इफेक्टचा वाटा मोठा असतो. कोरड्या अ‍ॅम्प्लिफायरवर हाच गज बराच खरखरीत वाजतो. सारंगीची मींड तर फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) असलेल्या वाद्यावर मागूच नये.

बारीक, गुंडाळी नसलेल्या तारांवर गज किंचाळतो. तेथे दाब कमी आणि वेग जास्त ठेवावा लागतो. वादनानंतर रोझिनची पांढरी भुकटी तारांवर आणि पिकअपवर (तारांखालच्या, नाद टिपणाऱ्या चुंबकी भागावर) साचते, ती कोरड्या फडक्याने लगेच पुसावी. राहिलेल्या चिकटपणामुळे छेडलेल्या स्वराची चमक उतरते, त्यामुळे एकच गिटार असलेल्यांनी तारांचा जादा संच जवळ ठेवावा.