पोलो १.० टीएसआय, लाखभर रुपये आणि साताऱ्याचे घाट: वापरानंतरचा अनुभव

गाडी सेकंडहँड आहे, २०२१ ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल, हायलाइन प्लस मॉडेल, पुण्याहून आणलेली एमएच १२ पासिंगची. घेतानाच ठरवलं होतं की वरून लाखभर रुपये घालायचे आणि गाडी जरा अजून तिखट करायची, पण लाखाच्या वर एक रुपया नाय, कारण घरी हप्ते आहेत आणि बायकोला हिशोब द्यावा लागतो. आता सगळं काम होऊन बरेच महिने झाले, एक पावसाळा आणि एक ऊस सीझन बघून झाला, म्हणून निवांत लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. साताऱ्यात राहून गाडी फास्ट करायची असेल तर बजेट उतार बघून ठरवा, चढ बघून नाही. सगळे एचपीच्या गप्पा मारतात, पण आपल्याकडं मजेचा प्रत्येक रस्ता वर जातो, कास घ्या, ठोसेघर घ्या, सज्जनगड, पाचगणी, केळघर घाटातून महाबळेश्वर, आणि वर गेलेली गाडी संध्याकाळी त्याच रस्त्यानं खाली आणायची असते, मागं आईबाबा बसलेले असतात, पुढं टुरिस्टची गाडी मधेच ब्रेक मारून फोटो काढत असते. तिथं एचपी काय कामाचे.

आता गाडी मुळात काय आहे ते. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ११० पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), आणि हे १७५ एनएम १७५० आरपीएमपासून ४००० पर्यंत सपाट मिळतं, हीच हिची खरी गंमत. दुसरी गंमत टर्बोची. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलं की साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दहाएक टक्के कमी होते कारण हवा विरळ, पाचगणी-महाबळेश्वरला तर आपण त्याच्याही वर असतो. टर्बो ती हवा दाबून भरतो त्यामुळं पोलो वर जाऊनही फार मरत नाही. ज्यांच्याकडं साधी १.२ स्विफ्ट किंवा तसलं विनाटर्बो इंजिन आहे त्यांनी रीमॅपच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची) नादाला लागूच नका, चारपाच एचपी मिळाले तरी खूप, पैसे टायरला घाला.

पहिले पैसे गेले ते न दिसणाऱ्या कामात. एमआयडीसीतला माझा नेहमीचा मिस्त्री, त्याला म्हणलं रीमॅप करायचाय, तो गाडी लिफ्टवर घेऊन खाली गेला आणि पाच मिनिटांनी म्हणला, "दादा, ताकद नंतर वाढवू, आधी हिचे बुश बघा." लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडातले रबर) फाटलेले, लिंक रॉड वाजत होते. बुश गेलेत म्हणजे ब्रेक मारला की चाक थोडं मागं सरकतं, अलाइनमेंट कितीही करा टिकणार नाही. बुश, लिंक रॉड, लेबर धरून चौदाएक हजार. मग नवीन प्लग, एअर फिल्टर, कंपनीच्या स्पेकचं ऑइल, नऊएक हजार. एवढ्यावरच गाडी निम्मी सुधारली, खरंच, स्टिअरिंग सरळ झालं आणि खडखड गेली. सेकंडहँड गाडी घेऊन थेट रीमॅपला पळणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की जुन्या प्लगवर बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला तर मिसफायर तुमच्याच नशिबी येणार.

टायर. गाडीवर आलेल्या टायरची नक्षी चांगली दिसत होती, विकणारा पण तेच दाखवत होता, पण टायरच्या बाजूला तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, ते बघितलं तर टायर गाडीइतकेच म्हातारे. रबर कडक झालेलं, नखानं दाबलं तरी दबत नव्हतं. साइज बदलली नाही, १९५/५५ आर १६ तीच ठेवली, मिशलिनचे चार घेतले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग धरून तेहतीस हजाराच्या आसपास गेले. बजेटचा तिसरा हिस्सा एका झटक्यात, आणि गाडी उभी असताना काहीच वेगळं दिसत नाही, मित्र विचारतात केलंस काय. पण पावसाळ्यात यवतेश्वरच्या वळणांवर, जिथं डोंगरातून लाल माती वाहून रस्त्यावर येते आणि धुक्यात पुढचं वळण समोर आल्यावरच दिसतं, तिथं पहिल्यांदा कळलं की हे पैसे कुठं गेलेत. बऱ्याच जणांनी १७ इंची अलॉयचा आग्रह केला. दिसतात भारी, मान्य. पण हिशोब करा, १९५/५५ आर १६ ची साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) १०७ मिलीमीटर, २०५/४५ आर १७ ची ९२. टायरची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते म्हणून स्पीडोमीटर फसत नाही, पण खड्डा आणि अलॉय यांच्यामधलं रबर पंधरा मिलीमीटरनं कमी. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते बघता तो पंधरा मिलीमीटर मला पायजे.

आता ब्रेक, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित विषय. कास पठार ते सातारा शहर उंचीचा फरक ढोबळ पाचशे मीटर धरा, गाडी माणसांसकट साडेबाराशे किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती साधारण साडेचौदा लाख कॅलरी... जाऊ दे, विजेच्या भाषेत सांगतो, दीड युनिटच्या पुढं, म्हणजे घरचा दोन किलोवॉटचा गिझर पाऊण तासाच्यावर चालू ठेवल्यासारखं. यातली थोडी वारा आणि इंजिन खातं, बाकी सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या ड्रममध्ये. हो, या पोलोला मागं ड्रमच आहेत. त्यात वेग वाढला की हिशोब वर्गात (स्क्वेअरमध्ये) वाढतो, साठवरून थांबायला जे लागतं त्याच्या पावणेदोन पट ऐंशीवरून लागतं. म्हणजे रीमॅप करून तुम्ही प्रत्येक वळणाला वीसनं जास्त वेगात पोचणार असाल तर ब्रेकचं काम जवळजवळ दुप्पट करून ठेवलंय.

डिस्क मोठ्या करायचे किट मिळतात पण ते लाखाच्या बजेटात बसत नाहीत आणि गरजही नव्हती. मी केलं ते एवढंच, पुढचे चांगले पॅड, मागचे लायनर साफ करून सेट करून घेतले आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. सगळं मिळून आठ हजार. ब्रेक ऑइलचं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळायला पायजे असा नियम आहे, पाणी धरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उतारावर सारखा ब्रेक दाबत आलात, ऑइल उकळलं, लाइनमध्ये वाफ झाली की पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घाटात "ब्रेक फेल" म्हणून जे ऐकतो त्यात हा प्रकार पण असतो. दोन वर्षांनी ऑइल बदलायला हजाराच्या आसपास जातात आणि लोक त्याऐवजी स्टिकर लावतात. अर्थात चांगलं ऑइल भरलं म्हणून पसरणी घाट चौथ्या गिअरमध्ये उतरायचा असं नाही, ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं हे बाबांनी शिकवलेलं आजही लागू आहे. नवीन पॅडची एक तक्रार आहे, सकाळी थंड असताना पहिले दोनचार ब्रेक कुरकुर करतात, सोसायटीतली कुत्री उठतात. त्याला इलाज सापडला नाही आणि मी शोधतही नाही.

या सगळ्यानंतर छत्तीसएक हजार उरले होते, त्यातल्या तीसएक हजारात रीमॅप झाला. गाडीची वॉरंटी संपल्यावरच केला, आधी केला असता तर क्लेम नाकारायला निमित्त मिळालं असतं. ट्यूनर म्हणत होता १३५ पीएस आणि २२० एनएमच्या पुढं नेऊ, मी सांगितलं टॉर्क जरा आवरता ठेव, २०५ च्या आसपास, कारण क्लच कंपनीचाच आहे आणि नवीन क्लचचे पैसे बजेटात नाहीत. तो जरा नाराज झाला, पण केलं. दुसरं म्हणजे जास्त ऑक्टेनच्या खास पेट्रोलची फाईल (रीमॅपचं सॉफ्टवेअर) घेतली नाही, साध्या पेट्रोलवरची घेतली. ताकद थोडी कमी मिळते, पण मेढ्याला किंवा पाटणला गाडी रिझर्व्हला आली तर तसल्या पेट्रोलचा पंप कुठं शोधत बसू. डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) टाकलेली नाही त्यामुळं खरा आकडा सांगत नाही, खोटं कशाला बोलू.

फरक? आहे, आणि चांगला आहे. २००० ते ३५०० च्या मधे तिसऱ्या गिअरला गाडी जी ओढते ती आधी ओढत नव्हती. ऊस सीझनला कोरेगाव रोडला किंवा कराडकडं गेलात तर माहीतच असेल, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, ट्रॉलीबाहेर ऊस लोंबतोय, समोरून एसटी. तिथं ओव्हरटेक पटकन उरकतो, गिअर पाडायची गरजसुद्धा पडत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा, तिथंही गाडी चौथ्यात आरामात जाते. सुरुवातीला दुसऱ्या गिअरला कमी आरपीएमवर गाडी झटके देत होती, ट्यूनरकडं परत गेलो, त्यानं फाईल सुधारून दिली, नंतर त्रास नाही. पण एक सवय लावून घ्या, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला बाराशे-तेराशे आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये फुल ॲक्सिलरेटर देऊ नका. अशा वेळी सिलिंडरमध्ये ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन जाऊ शकतो. रीमॅपनंतर तर दाब अजून वाढलेला असतो. क्लचचं पण बघत राहा, चौथ्या-पाचव्याला जोर दिल्यावर आरपीएम चढतोय आणि वेग तेवढा वाढत नसेल तर क्लच घसरायला लागला समजा. माझा अजून ठीक आहे.

ॲव्हरेज विचारणार म्हणून सांगतो. कंपनीचा आकडा १८.२४ आहे. हायवेला शांतपणे पुण्याला गेलो तर सतराच्या आसपास मिळतं, घाटात मजा करत गेलो तर अकरा-बारा, आणि ते रीमॅपचं नसून पायाचं आहे.

सायलेन्सरला हात लावला नाही. फ्री फ्लो (कमी अडथळ्याचा सायलेन्सर) लावून आवाज येतो आणि पोवई नाक्यावर ट्रॅफिक पोलीस ओळखायला लागतात, याच्यापलीकडं या इंजिनाला एवढ्या ट्यूनवर फार काही मिळत नाही. उघडा कोन फिल्टर पण नको, तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, बंद डब्यातला कंपनीचा फिल्टर बाहेरची गार हवा घेतो, मग पैसे देऊन गरम हवा का घ्यायची. गाडी खाली बसवायचे स्प्रिंग तर साताऱ्यातल्या कुठल्याही गल्लीतला स्पीडब्रेकर बघून ठरवा. आणि कायद्याचं पण आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आरसीवर जे आहे त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे अजून घट्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून चालतं असं कुणी सांगितलं तर तो तुमच्या इन्शुरन्स कंपनीत नाही एवढं लक्षात ठेवा. मी कंपनीला मेल करून कळवलं. प्रीमियम वाढला, बायकोला ते पण सांगावं लागलं.

हिशोब साधारण चौऱ्याण्णव हजारांवर थांबला. उरलेल्यात शॉकअप बसत नाहीत, पुढच्या वर्षी बघू, मागचे आता थोडे ढिले वाटायला लागलेत, तिघं मागं बसले की वळणावर मागची बाजू एक हेलकावा जास्त घेते. नवीन टाकताना कंपनीचेच टाकणार.

रीमॅप करणाऱ्यांसाठी शेवटची एक गोष्ट, मूळ फाईल आणि नवीन फाईल दोन्ही ट्यूनरकडून मागून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली आणि त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट मारला तर तुमचा रीमॅप पुसला जातो, त्यामुळं गाडी सोडतानाच जॉबकार्डवर "अपडेट करू नये" असं लिहून घ्यायचं, आणि लिहिलंय का ते डोळ्यांनी बघून मगच चावी द्यायची.