नाशिक ते लेह, बारा जण: तीन गाड्या की एक ट्रॅव्हलर?

बारा जणांचा गट जमला की पहिला वाद हाच: घरच्या तीन एसयूव्ही काढायच्या, की चालकासकट सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवायची? पुढचं सगळं एक बेत धरून लिहिलं आहे. ऑगस्टअखेरीस निघायचं, जाताना श्रीनगर-कारगिल, येताना मनाली, आणि परतीला बिकानेरकडून वाळवंटातून खाली उतरायचं. अठरा-वीस दिवस सहज लागतात.

मैदानात ट्रॅव्हलर सरस, हे आधीच मान्य करतो. आग्रा रोडने धुळे, शिरपूर, बिजासन घाट, इंदूर असं जाताना बाराही माणसं एकत्र असतात, चहाला एकदाच थांबावं लागतं आणि मागच्या सीटवर सामान पडून राहतं. टपावर कॅरिअर लावायचीही गरज पडत नाही. तीन गाड्यांचं तसं नाही. प्रत्येकीचे थांबे वेगळे, त्यात दिवसाचा तास-दीड तास सहज जातो. यावर चालणारा उपाय म्हणजे सपाट रस्त्यावर ताफा करूच नये. दुपारच्या जेवणाचं आणि मुक्कामाचं ठिकाण ठरवावं आणि प्रत्येकाने आपल्या गतीने तिथे पोहोचावं.

ताफा खरा लागतो तो सोनमर्गच्या पुढे. सर्वांत संथ गाडी मधे ठेवा, अनुभवी चालक पुढे आणि मागे. नियम एकच: आपल्या मागची गाडी आरशात दिसली नाही, तर फाट्यावर थांबायचं. नेटवर्क जातं, त्यामुळे ४४६ मेगाहर्ट्झचे परवानामुक्त वॉकीटॉकी घ्या. लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून गाडीमागे किमान एक पोस्टपेड नंबर हवा. झोजी ला ही खिंड (३,५२८ मीटर) उंचीला फार नाही, पण ट्रकच्या रांगेत अर्धा क्लच धरून इंच-इंच चढणाऱ्या गाडीचा क्लच तिथेच जळतो. वास आला की बाजूला घेऊन अर्धा तास बंद ठेवा. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा घाटात लागतो, कारण संथ गतीत फिल्टर साफ व्हायला लागणारी उष्णता तयार होत नाही. सपाटी मिळाली की ताशी साठच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा. तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या असतील तर फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, स्टेपनी सगळं एकमेकींना चालतं. हा फायदा पुष्कळजण विसरतात.

आता ज्या गोष्टीने माझा कौल ठरला, ती. लडाखबाहेरच्या पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीने प्रवासी लेहपर्यंत आणून सोडता येतात, पण पांगाँग, नुब्रा, त्सो मोरिरीला त्याच गाडीने नेता येत नाही. तिथल्या टॅक्सीचालकांचं पोट त्या फेऱ्यांवर आहे, त्यामुळे नियम कडक आणि दर ठरलेले. म्हणजे नाशिकहून आणलेली ट्रॅव्हलर चार-पाच दिवस हॉटेलसमोर उभी राहते. तिचा थांबा-आकार आणि चालकाचा भत्ता सुरूच असतो आणि बारा जणांसाठी स्थानिक गाड्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. नाशिकमध्ये कोटेशन घेताना हे सहसा कोणी सांगत नाही, कारण किलोमीटरचा हिशेब तेवढ्याने बिघडत नाही. पैशापेक्षा जास्त खटकतं ते हे की, दोन हजारांहून जास्त किलोमीटर जिच्या भरवशावर आलो, ती गाडी खऱ्या गरजेच्या रस्त्यावर सोबत नसते.

पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीला ही अडचण नाही. मात्र नाक्यावर आरसी आणि आधार ताडून पाहतात, तेव्हा मालक किंवा त्याच्या घरचा माणूस त्याच गाडीत बसलेला हवा. मित्राची मागून आणलेली किंवा सेल्फ-ड्राइव्हची गाडी नेऊ नका.

दुसरा मुद्दा उंचीचा. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह साधारण ३,५००. ही चढण शरीराला झेपते, म्हणून जाताना हाच रस्ता. मनालीकडून चढलात तर दुसरी रात्र सार्चूला, म्हणजे ४,२०० मीटरच्या वर, काढावी लागते आणि गटातला एकजण तरी डोकेदुखीने आडवा होतो. लेहला दोन रात्री विश्रांती घेऊनही पांगाँगला कुणाला उलट्या सुरू झाल्या, तर औषध एकच, खाली उतरणं. तीन गाड्या असतील तर एक गाडी रुग्णाला घेऊन लेहला परतते, उरलेले पुढे जातात. सगळे एकाच गाडीत असतील तर बाराही जणांना परतावं लागतं.

मनालीकडे उतरताना लेहजवळच्या कारूला टाकी काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप तांदीला, सुमारे ३३० किलोमीटरवर. बारालाचा खिंडीखालचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात, ते सकाळी दहाच्या आत पार करा. ओल्या ब्रेकवर रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकतो. त्याऐवजी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. पुढे अटल बोगद्याने (९.०२ किलोमीटर) गेलात तर रोहतांगचा परवाना लागत नाही.

वाळवंटात रस्ता पुन्हा सपाट, म्हणून पारडं ट्रॅव्हलरकडे झुकतं. बठिंडा, हनुमानगड, बिकानेर, पुढे अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्ग सांचोरपर्यंत. रस्ता सरळसोट, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला झापड येते. दर दोन तासांनी चालक बदला. हवा सकाळी थंड टायरवर तपासा. दुपारी मीटर चार-पाच पॉइंट जास्त दाखवतो म्हणून हवा सोडाल, तर टायर आणखी तापून फुटण्याची भीती. सूर्य मावळल्यावर रस्त्यावर नीलगाय येते, तेव्हा मुक्काम उजेडातच गाठा. सापुतारा उतरून वणीला लागलात की घर आलंच.

एक अट मात्र पाळायलाच हवी: गटात घाटात चालवलेले सहा चालक हवेत, गाडीमागे दोन. चारच असतील तर हट्ट नको, ट्रॅव्हलर घ्या, पण ती श्रीनगरपर्यंतच ठरवा आणि पुढे लडाखच्या पाटीची गाडी बोलवा. सहा असतील तर घरच्या गाड्या काढा. इंधन एका डब्यातून भरायचं आणि क्लच-टायरच्या झिजेपोटी मालकाला किलोमीटरमागे किती द्यायचं, हे निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. मैत्रीत ताण येतो तो बहुतेक याच हिशेबावरून.