कागद खरे, कॅरॅव्हॅन चोरीची

ऑस्ट्रेलियात सेकंडहँड कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं फिरतं घर, घ्यायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्ही घेतलेली कॅरॅव्हॅन चोरीची निघाली. ती पोलिसांनी नेली, पैसे विकणाऱ्याने नेले, आणि आम्ही पोरं, सासूबाई, बिछाने, कुकर नि पोह्यांचा डबा असं सगळं आमच्या प्राडो गाडीत कोंबून पोर्ट ऑगस्टाहून मेलबर्नला परत आलो. "कागद नीट बघायचे ना," असं ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांना आधीच सांगते: कागद सगळे बघितले होते. आणि सगळे खरे होते.

सासू-सासरे पुण्याहून आले की त्यांना सिडनीचा पूल आणि ग्रेट ओशन रोड दाखवून आपण मोकळे होतो. या वेळी सासूबाई एकट्या आल्या होत्या, आणि त्यांना "तुमच्या इथलं रान" बघायचं होतं. म्हणून मिल्ड्युरा, तिथून सिल्व्हर सिटी हायवेने ब्रोकन हिल आणि पुढे फ्लिंडर्स रेंजेस असा बेत ठरला. भाड्याची कॅरॅव्हॅन शाळेच्या सुट्टीत सोन्याच्या भावाने मिळते. विकत घ्यावी, दोन-चार वर्षं वापरावी आणि विकून टाकावी, असा हिशोब बरेच जण करतात, आम्हीही केला.

जाहिरात साधी होती. 19 फुटी, दोन ॲक्सलची, मागच्या बाजूला संडास-बाथरूम, 2017 साली बनलेली. किंमत बाजारभावापेक्षा थोडीच कमी, 40,000 डॉलरच्या आसपास. इथे लक्ष द्या, कारण फसवणुकीच्या गोष्टींत नेहमी "अर्ध्या किमतीत मिळत होती" असं असतं. इथे तसं नव्हतं. मुरलेला माणूस किंमत इतकी पाडत नाही की समोरच्याला शंका यावी.

कॅरॅव्हॅन घरी नव्हती, मेलबर्नच्या पश्चिमेला एका स्टोरेज यार्डात उभी होती. हेही विचित्र वाटलं नाही. कित्येक कौन्सिलांच्या हद्दीत एवढं धूड घरासमोर ठेवता येत नाही, त्यामुळे अर्ध्या लोकांच्या कॅरॅव्हॅन यार्डातच असतात. विकणारा चाळिशीचा, हसतमुख. सासऱ्यांची कॅरॅव्हॅन आहे, त्यांना आता गाडी चालवणं झेपत नाही, मी फक्त विकून देतोय, म्हणाला. कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी उलटी कशी घ्यायची, हे माझ्या नवऱ्याला त्याने तासभर शिकवलं. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, सांडपाण्याचा राखाडी पाइप वेगळा, दोन्ही एका पेटीत ठेवू नका, असं सासूबाईंना हातवारे करून समजावलं. घड्या घालायच्या खुर्च्या आणि चाकाखाली लावायचे रॅम्प फुकट दिले. सासूबाई परत येताना म्हणाल्या, "किती सज्जन माणूस!" सज्जनपणा हा त्याच्या धंद्याचा भाग होता.

आता कागदांबद्दल. इथे पर्सनल प्रॉपर्टी सिक्युरिटीज रजिस्टर म्हणून सरकारी नोंदवही आहे, पीपीएसआर. 2012 पासून चालू आहे. 2 डॉलर भरून गाडीचा चासी नंबर टाकला की तिच्यावर कर्ज आहे का, ती चोरीची म्हणून नोंदली आहे का, विमा कंपनीने राइट-ऑफ केली, म्हणजे मोडीत काढली आहे का, हे कळतं. (शोधताना वर येणाऱ्या खासगी साइट्स याच माहितीचे कितीतरी जास्त पैसे लावतात. सरकारीच वापरा.) विकणाऱ्याने दिलेल्या कागदावर आम्ही विसंबलो नाही. यार्डात उभं राहून पत्र्याच्या पाटीवरचा सतरा अक्षरी नंबर मी स्वतः वाचला, स्वतः टाकला. प्रमाणपत्र कोरं आलं. रजिस्ट्रेशन त्याच नंबरवर, आमच्या नावावर विनासायास झालं.

एकच गोष्ट खटकली होती. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर 2019 होतं. विचारलं तर म्हणाला, जुना बिघडला, बदलला. पटण्यासारखं होतं.

पैशाचं असं ठरलं की थोडे रोख आणि बाकीचे बँकेतून. खातं त्याच्या नावावर नव्हतं. बायकोचं आहे म्हणाला. तेव्हा आमची बँक फक्त बीएसबी (बँकेच्या शाखेचा क्रमांक) आणि खाते क्रमांक बघायची, नावाकडे ढुंकूनही बघत नसे. 2025 पासून इथल्या बँका पैसे पाठवताना नाव जुळतं की नाही ते दाखवू लागल्या आहेत. तो इशारा आला तर तिथेच थांबा, मग समोरचा कितीही पाल्हाळ लावो.

प्रवास, खरं सांगायचं तर, सुरेख झाला. मिल्ड्युरा सोडल्यावर तीनशे किलोमीटर लाल माती, मीठझुडपं आणि मध्ये कूम्बाचं एक रोडहाऊस. नवऱ्याने यूएचएफ रेडिओ लावला होता. 18 नंबरच्या चॅनेलवर कॅरॅव्हॅनवाले आजी-आजोबा एकमेकांना रस्त्याची खबर देत होते, 40 वर ट्रकवाल्यांच्या शिव्या. सासूबाईंना इंग्रजी जेमतेम, पण 40 त्यांना बरोबर कळत होतं. ब्रोकन हिलच्या पुढे उडला विराला दक्षिण ऑस्ट्रेलियाचं फळमाशीचं नाकं आहे. तिथे लिंबं आणि हिरव्या मिरच्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या, आणि पुढचे सगळे दिवस पोह्यांवर लिंबू नाही म्हणून ऐकून घ्यावं लागलं. विल्पेना पाउंडला तळ टाकला. ब्राचिना गॉर्जमध्ये पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी दिसले. शेपटीवर पट्टे असतात त्यांच्या, पोरं वेडी झाली.

परतताना हॉकरच्या पुढे मागून करपल्यासारखा वास आला. उतरून बघितलं तर डावीकडच्या मागच्या चाकाच्या हबमधून ग्रीस बाहेर फेकलं गेलं होतं. हात जवळ नेला तरी धग लागत होती. बेअरिंग गेलं होतं. रांगत रांगत क्वॉर्नच्या कॅरॅव्हॅन पार्कपर्यंत आलो आणि पोर्ट ऑगस्टाहून एका फिरत्या मेकॅनिकला बोलावलं.

म्हातारा, मितभाषी. चाक काढलं, बेअरिंग बघितलं आणि नेमक्या मापाचं मागवायला थेट कारखान्यात फोन लावला. कॅम्पबेलफील्डला, म्हणजे आमच्याच मेलबर्नच्या उत्तरेला, जिथे या देशातल्या कितीतरी कॅरॅव्हॅन बनतात. पाटीवरचा नंबर वाचून दाखवला. पलीकडच्याने काहीतरी सांगितलं. म्हातारा खाली वाकला, पुन्हा बघितलं, पुन्हा नंबर वाचला. फोन ठेवून माझ्याकडे वळला. त्या नंबरची कॅरॅव्हॅन कमानीच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बनवली होती. आमच्या खाली पाटे नव्हतेच. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन होतं.

मग त्याने फडकं आणि ब्रेक क्लीनर घेतलं आणि पुढच्या ड्रॉबारवर, म्हणजे गाडीला जोडायच्या दांड्यावर, जिथे नंबर लोखंडातच ठोकलेला असतो, तिथला जाड काळा रंग पुसायला घेतला. दगड उडून लागू नयेत म्हणून असा रंग बरेच जण मारतात, म्हणून यार्डात त्याचं काही वाटलं नव्हतं. रंग सुटला तसं खालचं लोखंड दिसलं. बोटभर लांब पट्ट्यात ते ग्राइंडरने तासलेलं होतं, आणि त्यावर नव्याने ठोकलेले अंक, एक वर, एक खाली, एक तिरका. कारखान्यातले अंक असे दारू प्यायल्यासारखे उभे नसतात. पाटीच्या रिव्हेटांवर नख फिरवून तो एवढंच म्हणाला की रिव्हेट पाटीपेक्षा नव्या आहेत. पोलिसांना फोन त्यानेच लावून दिला.

पुढचं थोडक्यात. अशा प्रकारात एखाद्या मोडीत गेलेल्या, रजिस्टरवर कुठलाही डाग नसलेल्या कॅरॅव्हॅनची पाटी आणि कागद स्वस्तात मिळवतात, त्याच कंपनीची साधारण तशीच दिसणारी कॅरॅव्हॅन चोरतात, आणि चोरलेल्या कॅरॅव्हॅनची ओळख पुसून मोडीतलीची लावतात. त्यामुळे पीपीएसआरने आम्हाला खोटं सांगितलं नाही. आम्ही विचारलेल्या नंबरबद्दल ते खरंच बोललं. ज्या कॅरॅव्हॅनमध्ये आम्ही झोपत होतो तिच्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणखी एक गैरसमज इथे दूर करते. कोरं प्रमाणपत्र हातात असलं की कर्ज देणारी कंपनी तुमच्याकडून गाडी उचलू शकत नाही, हे बरोबर, मात्र शोध खरेदीच्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी घेतलेला हवा. पण चोरीचा माल त्याने तुमचा होत नाही. मूळ मालकाला त्याच्या विमा कंपनीने भरपाई दिली होती, त्यामुळे कॅरॅव्हॅन त्या कंपनीची झाली. आमच्या विमा कंपनीने हात वर केले. बँकेने तक्रार घेतली, खात्यात काही शिल्लक नव्हतं. विकणाऱ्याचा फोन बंद. "सासरे" कधी होते की नाही देव जाणे.

आता आमच्या ओळखीत कुणी कॅरॅव्हॅन बघायला निघालं की मी मागे लागते: आधी कारखान्यात फोन कर. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. नंबर सांगायचा आणि विचारायचं, ही किती फुटी, सस्पेन्शन कुठलं, संडास मागे की मधे, पलंग कुठल्या बाजूला, बाहेरचा पट्टा कुठल्या रंगाचा. नुसतं "नंबर बरोबर आहे का" विचारू नका. नंबर बरोबरच असतो. नंबर पाटीवरून नाही, ड्रॉबारच्या लोखंडावरून वाचा, आणि त्यावर रंग असेल तर विकणाऱ्यासमोर पुसायची परवानगी मागा. खऱ्या मालकाला त्यात काही वाटत नाही. 1 जुलै 2021 नंतर बनलेली असेल तर सरकारी रजिस्टर ऑफ अप्रूव्ह्ड व्हेइकल्समध्येही तोच नंबर फुकट तपासता येतो. फ्रिज, एसी, गॅसची शेगडी, प्रत्येकावर ती कधी बनली त्याचा स्टिकर असतो. एखादी वस्तू बदललेली असू शकते, तीन-तीन वस्तू पाटीपेक्षा नव्या असतील तर पाटीच जुनी आणून लावलेली आहे. क्वीन्सलंडमध्ये विकताना सुरक्षेचं आणि गॅसचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणजे निदान एक परका माणूस तरी खाली वाकून बघतो. तुमच्या राज्यात तशी सक्ती नसेल तर दोन-तीनशे डॉलर खर्चून स्वतःचा तपासनीस न्या. आणि यार्डात भेटणारा माणूस घरी बोलवायला कां-कूं करत असेल, किंवा रजिस्ट्रेशन, लायसन्स आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव नसेल, तर रोख पैसे अजिबात देऊ नका. बँकेतून गेलेल्या पैशाचा निदान माग तरी राहतो, रोख रकमेचा आम्हाला कागदही दाखवता आला नाही.

त्या माणसाला आम्ही आमच्या लायसन्सचे फोटोही पाठवले होते, "सासऱ्यांना दाखवायला". तसं तुमच्याकडूनही गेलं असेल तर ओळखचोरीत मदत करणाऱ्या आयडीकेअर या संस्थेशी बोला, पुढे काय काय बदलून घ्यायचं ते तिथे नीट सांगतात. तक्रार पोलिसांबरोबर स्कॅमवॉच या सरकारी साइटवरही नोंदवा. आणि मेलबर्नच्या पश्चिमेला एखाद्या यार्डात सासऱ्यांची कॅरॅव्हॅन विकणारा, खुर्च्या फुकट देणारा, भलताच मदतीला तत्पर जावई भेटला, तर खुर्च्या घेऊ नका. क्राइम स्टॉपर्सचा नंबर 1800 333 000, नाव न सांगता कळवता येतं.