असेनोकुमॅरॉल: दहा महिने रोज संध्याकाळी सात वाजता

जानेवारीत माझ्या हृदयातली मायट्रल झडप बदलली. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा कळलं की झडप पार आखडली आहे. आता तिच्या जागी चित्रा व्हॉल्व्ह ही यांत्रिक झडप आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेला, १९९० पासून माणसांना बसवला जाणारा. रात्री घर शांत झालं की त्याची टकटक मला ऐकू येते. त्याच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी, असेनोकुमॅरॉल, आणि तीही जन्मभर. काही पाकिटांवर हिचं जुनं नाव निकुमॅलोन असतं, औषध तेच.

गोळीबद्दल माझी तक्रार नाही. तिचं काम ती चोख करते. पण बीपीच्या गोळीसारखी घेतली आणि कामाला लागलो, असं हिच्याबाबत चालत नाही. हिच्यामागे रोजचा हिशोब ठेवावा लागतो, आणि तो कसा ठेवायचा हे मला डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत सांगितलं गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना व्हिटॅमिन के लागतं. गोळी त्या व्हिटॅमिनचा वापर अडवते. आधी तयार झालेले घटक संपायला वेळ लागतो, म्हणून आज बदललेल्या डोसचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. परिणाम किती झाला ते आयएनआर या रक्ततपासणीत कळतं; आकडा जितका मोठा, तितकं रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. माझ्यासाठी डॉक्टरांनी २.५ ते ३.५ ठरवून दिला आहे. पायातल्या गुठळीसाठी गोळी घेणाऱ्यांचा बहुधा २ ते ३ ठेवतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त दिलं, मग दर आठवड्याला, आता महिन्यातून एकदा. लॅब एकच ठेवली आहे, कारण मध्ये एकदा दुसरीकडे केली आणि आकड्यात एवढा फरक आला की डोस बदलायचा की नाही तेच कळेना.

संध्याकाळी सात ही वेळ डॉक्टरांनीच सुचवली. सकाळी रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट येतो, डोस बदलायचा असेल तर त्याच दिवशी बदलता येतो. माझा डोस काही वारी २ मिलिग्रॅम, काही वारी ३. हे डोक्यात राहत नाही. आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहायची पद्धत आहे, त्याच चौकटीत आता लाल पेनने डोस लिहिते आणि गोळी गिळल्यावरच खूण करते. एकदा राहून गेली. रात्री अकराला आठवलं, तेव्हा घेतली. दुसऱ्या दिवशी आठवली असती तर मात्र दुप्पट घ्यायची नाही, नेहमीचाच डोस घ्यायचा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगायचं.

जेवणाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ माझा झाला. ‘हिरवी भाजी बंद’ असं जो तो सांगत होता. दोन महिने मी मेथी, पालक, शेपू कशाला हात लावला नाही. मग गौरी-गणपतीला माहेरी गेले. ऋषिपंचमीची भाजी, अळूचं फदफदं, रोज कुठली ना कुठली पालेभाजी. परत आल्यावर आयएनआर १.७. डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं: पालेभाजी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खायची, म्हणजे डोस तिच्याप्रमाणे बसवता येतो. आता बुधवार आणि शनिवार, वाटीभर. नवरात्राचे नऊ उपवास केले नाहीत. खाणं एकदम कमी झालं की आकडा उलट वर जातो.

सगळ्यात घाबरवणारा प्रसंग त्याआधी, जुलैत घडला. जुलाब लागले. जवळच्या दवाखान्यातून मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक मिळालं. मी गोळीबद्दल बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही. पाचव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना, दंडावर न आपटता काळेनिळे डाग. आयएनआर ६.२. मेट्रोनिडॅझोलमुळे या गोळीचा परिणाम वाढतो, त्यात जुलाबांनी पोटात काही टिकत नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. आकडा खाली आला तेव्हा मी रडले. हे थांबवणं त्यांनी ठरवलं होतं, हे मुद्दाम सांगते. घाबरून आपलं आपण बंद केलं तर व्हॉल्व्हवर गुठळी धरून तो अडकू शकतो किंवा पक्षाघात होऊ शकतो.

तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांकडे, औषधाच्या दुकानात पहिलं वाक्य हेच बोलते: मी रक्त पातळ होण्याची गोळी घेते. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, तोंडात लावायची मायकोनॅझोल जेलसुद्धा आकडा वर नेतात. टीबीचं रिफाम्पिसिन खाली आणतं. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. पॅरासिटामॉल, तेही विचारून आणि थोडे दिवस. कमरेत इंजेक्शन मी घेत नाही, स्नायूत रक्त साचतं. फोडणीतला लसूण, हळद चालते. त्यांचे काढे आणि कॅप्सूल नाही.

पाळीत रक्तस्राव वाढला आहे, हिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं. हे बायकांना कुणी आधी सांगत नाही. आणि ज्यांना मूल हवं आहे त्यांनी दिवस जायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते.

शेजारचे काका अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी नवी गोळी घेतात, त्यांना आयएनआर लागत नाही. तुम्हीही बदलून घ्या म्हणाले. मी विचारलं. यांत्रिक व्हॉल्व्ह असणाऱ्यांना नव्या गोळ्या देत नाहीत. त्यांतल्याच डॅबिगाट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

घरच्यांना मी काही गोष्टी पाठ करून घ्यायला लावल्या आहेत. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल झाली, डोक्याला मार लागला, मग वरून काही दिसो न दिसो, सरळ हॉस्पिटल. तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं तर एक मिनिटही थांबायचं नाही. आणि धाप लागून टकटक बारीक झाली किंवा ऐकू येईनाशी झाली, तरीही तसंच. माझा लेक दहा वर्षांचा आहे. रात्री झोपायच्या आधी तो माझ्या छातीला कान लावतो आणि ‘चालू आहे’ म्हणून दिवा मालवतो.